विश्वास कमी पडला म्हणाले

"येशूच्या नावानं चाल!" प्रचारक माईकवर ओरडला. दोघांनी माझ्या बगलेतले हात काढून घेतले.

मी तोंडावर पडले. ओठ फाटला.

इस्लामपूरचं मंगल कार्यालय गच्च भरलेलं. समोर कॅमेरा. लहानपणीच पोलिओ झाला, तेव्हापासून मी हातांत रबरी चपला घालून जमिनीवरून सरकते. स्टेजवर न्या, असं मी म्हटलं नव्हतं. पोत्यासारखं उचलून नेलं.

"हिचा विश्वास कमी पडला," प्रचारक म्हणाला. "घरात काहीतरी पाप लपलंय."

पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिनं पदरात तोंड घातलं. आमच्या चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष, कारखान्यातले मोठे साहेब, मला खाली उतरवताना हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या वेळेला मागंच बसा. कॅमेऱ्यात बरं दिसत नाही."

कुंडलला घरी आलो. आई एकच विचारायची, "आपलं काय चुकलं गं?" ओठापेक्षा ते जास्त लागायचं.

मी प्रार्थना सोडली. मग एका दुपारी ब्लाऊज शिवता शिवता देवाशी भांडायलाच लागले. "मी पाय कवा मागितलं रं तुला? लोकांनी मागितलं. मला काय दिलंस ते सांग की!" रोज भांडत गेले. पाठ केलेलं सोडून स्वतःच्या शब्दांत देवाशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

शेजारच्या शकिलाभाभीच्या सासूला लकवा झाला. वाचा गेली. म्हातारी दिवसभर नुसती ओरडायची. लोक अंथरुणाशी उभे राहायचे, सबर करा, धीर धरा म्हणायचे, निघून जायचे. मी सरकत आत गेले. तिचं तोंड आणि माझं तोंड एका उंचीवर आलं. तिचा हात धरून बसले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "देवा, हिला लाज वाटतीया. दुसरं कुणी अंग पुसतंय, तवा हिला लय लाज वाटतीया."

म्हातारी गप्प झाली. माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांतनं पाणी. हात इतका दाबला की दुखला.

"तुला कसं कळलं गं?" भाभीनं विचारलं.

कसं कळणार नाही? जन्मभर मलाही लोकांनी न विचारता उचललंय.

मग बायका यायला लागल्या. मी कुणाला बरं करत नाही. त्यांच्या घशात अडकलेलं देवापुढं बोलते. हेच माझं कृपादान, देवानं दिलेली देणगी. प्रचारकानं डोक्यावर हात ठेवून दिलेलं नाही. जमिनीवर बसून मिळालंय.

यंदा परत सभा झाली. प्रचारकानं पलूसकडची आठ वर्षांची पोरगी वर घेतली. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. दोघांनी तिला बगलेत धरलं. तिनं फ्रॉक मुठीत आवळला, ते मी बघितलं.

मी मधल्या वाटेनं सरकत निघाले. लोकांनी पाय आखडून घेतले. पायऱ्या बसून चढले.

"सोडा तिला."

"बाई, बाजूला व्हा," प्रचारक म्हणाला. "पवित्र काम चाललंय."

"आधी तिला इचारा."

कुणी विचारलं नाही. मीच विचारलं, "बाळ, देवाकडं काय मागायचं?"

"दुसरा बूट," ती म्हणाली. "ह्यो टोचतोय."

मी माईक ओढला. "देवा, हिचा बूट टोचतोय. एवढी मोठी माणसं जमल्यात, एकानं इचारलं न्हाई."

कुणीतरी माईक बंद केला. मी तशीच ओरडून प्रार्थना करत राहिले. पोरीची आई रडत वर आली आणि तिला खाली घेऊन गेली.

काल अध्यक्षांचा निरोप आला. रविवारी चर्चला येऊ नका.

मी जाणार. पुढंच बसणार. उचलून बाहेर ठेवलं तर दारात बसून प्रार्थना करीन, आतल्यांना ऐकू जाईल अशी. आणि माझ्या पायांसाठी ज्याचा हात माझ्या डोक्यावर येईल, त्याचा हात मी झिडकारीन.