भवानीचं गिऱ्हाईक

पालघर वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी आई आमच्या धाकटी डहाणू गावच्या खाडीवर घसरली. डोक्यावरची मासळीची पाटी वाचवायला गेली आणि उजवं मनगट मोडून बसली. सरकारी दवाखान्यात कच्चं प्लास्टर घातलं. हाड जागचं हललंय, खासगीत आत धातूची पट्टी बसवून घ्या, उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं. मासे कापायचा कोयता तिचा त्याच हातात चालायचा. हात गेला तर धंदा गेला.

मी तेव्हा तलासरीला शाळेत शिकवत होते. रजा टाकून तिला एका खासगी हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशनचे किती होतील, हे काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणे डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणाले, पैशाचं काउंटरवर विचारा. पुन्हा काउंटर. पट्टी कोणती लागते, किती दिवस राहता, त्यावर आहे. बरं, अंदाज तरी? अंदाज देत नाहीत. आधी भरायची रक्कम मात्र पोरीला तोंडपाठ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई उठली. बंदरावर लिलावात आकडा सगळ्यांदेखत बोलला जातो, त्याआधी टोपलीला कोणी हात लावत नाही.

"भाव बोलल्याबिगर मी माल उचलत नाय," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. मी विनवलं, भांडले. ऐकेल तर शपथ.

घरी येऊन तिने स्वतःच तोडगा काढला. आपण भवानीच्या वेळी जायचं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक बाजारात कोणी परत पाठवत नाही, थोडी खोट खाऊन का होईना, सौदा करतात. मग दवाखानेवाले कसे पाठवतील? मला हसावं की रडावं कळेना. तरी गेले तिच्याबरोबर. सीमेपलीकडच्या एका हॉस्पिटलाचं शटर वर जायच्या आत आम्ही पायरीवर हजर. आत गेल्या गेल्या तिने किती होतील ते गुजरातीत विचारलं, "केटला थशे?" आणि मग आपल्या भाषेत, "भवानीचं गिऱ्हाईक हाय मी." समोरच्या माणसाने मान वर न करता फॉर्म पुढे सरकवला. आधी अॅडमिट व्हा, म्हणाला.

शाळेत हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, प्रत्येकाचं शरीर वेगळं, डॉक्टर म्हणजे काय मासेवाली आहे भाव सांगायला? नाहीच मुळी. मासेवालीला भाव सांगावाच लागतो. आत काय निघेल ते आधी कळत नाही, हे मलाही पटतं. पण मग अमुक निघालं तर इतके, तमुक निघालं तर तितके, एवढं बोलायला कोणाची जीभ झडते?

अशा दारोदार फिरण्यात आठवडे गेले. सूज उतरली, दुखणं कमी झालं, तशी आई जास्तच हट्टाला पेटली. शेवटी एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्वतः, न विचारता, पट्टीच्या ऑपरेशनचा आकडा सांगितला. आम्हाला झेपणारा होता. आई माझ्याकडे बघून हसली. मग त्यांनी नवा एक्स-रे दिव्यावर धरला. हाड वाकडं जुळलं होतं. आता ते पुन्हा मोडून बसवावं लागेल, म्हणाले.

"त्याचे किती?" आईने विचारलं.

"ते आत्ता सांगता येणार नाही."

ती उठली. या वेळी मी अडवलं नाही.

आजही ती बाजारात बसते. गिऱ्हाईक भाव विचारतं, ती लगेच सांगते. मासा कापून द्यायला मात्र वहिनी लागते.