मामानं शिकवलेले शब्द

बाबा गाइड होते. शहरातल्या हॉटेलवरून परदेशी पाहुण्यांना अजिंठ्याला न्यायचं, लेणी दाखवायची, संध्याकाळी परत आणून सोडायचं. इंग्रजी त्यांचं बरं होतं, पण त्यांना मान होता तो जपानीमुळं. तिकडच्या बौद्ध यात्रेकरूंच्या मागं हिंडून हिंडून ते ती भाषा नुसत्या कानानं शिकले होते.

एकदा हॉटेलच्या दारात घुटमळणारे दुसरे गाइड बघून एक इंग्रज पाहुणा बाबांना हसत म्हणाला, "वॉच युवर बॅक." रात्री जेवताना बाबांनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला. "पाठ राखून ऱ्हा. समोरचा दिसतोच. आपली जागा घेणारा मागून येतो."

आई म्हणाली, "म्हंजे भाऊबंदकी त्यांच्यात पण हाय." आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

त्याच हिवाळ्यात आत्याचा मुलगा, आमचा दादा, आमच्याकडं राहायला आला. आत्याचं सासर अजिंठ्याचंच, त्यामुळं दादा लेण्यांच्या पायऱ्यांवरच वाढलेला. त्यानं नुकतंच गाइडचं लायसन काढलं होतं. त्याचं इंग्रजी बाबांपेक्षा सफाईदार होतं, आणि स्वभाव असा की म्हाताऱ्या पाहुण्या त्याचाच हात धरून चढायच्या. थोड्याच दिवसांत ट्रॅव्हल्सचा मॅनेजर बाबांना म्हणाला, "भाच्याला जपानी शिकवा की. तुम्हाला आता चढणं होत नाही."

बाबांनी घरी येऊन हे आनंदानं सांगितलं. दादा त्यांच्या पाया पडला.

मग रोज सकाळी गच्चीवर शिकवणी सुरू झाली. बाबा एकेक वाक्य म्हणायचे, दादा येरझाऱ्या घालत घोकायचा. मोबाइलवर खात्री करून घेता आली असती, पण मामा शिकवतोय म्हटल्यावर तपासतं कोण?

पहिला जपानी ग्रुप घेऊन दादा एकटा गेला. त्या संध्याकाळी घरी आला तो चप्पल न काढताच जिन्यात बसला. मी पाणी दिलं तेव्हा त्यानं मला सांगितलं. सगळ्या बायका म्हाताऱ्या होत्या, धापा टाकत वर चढल्या होत्या. पहिल्या लेण्याच्या दारात हा हात जोडून उभा राहिला आणि गोड हसून प्रत्येकीला म्हणत गेला, "काएत्ते कुदासाई." मामानं त्याचा अर्थ 'यावं' असा सांगितला होता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून तो मोठ्यानं म्हणाला. तेव्हा एक आजी त्याला वाकून नमस्कार करून मुकाट पायऱ्या उतरायला लागली.

ग्रुपबरोबरच्या माणसानं त्याला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांना परत जा म्हणताय."

बाबा आत पेपर वाचत होते. दादा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "मामा, चुकून झालं ना?"

"तुझ्या ऐकण्यात चूक झाली आसंल."

"तुम्ही रोज म्हणून घेत होता माझ्याकडून."

"मंग नाय जमत तुला भाषा," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "लई लोकांना नाय जमत."

मॅनेजरनं दादाला पुन्हा बोलावलं नाही. इंग्रजीच्या ग्रुपलाही नाही. आत्यानं फोन केला तेव्हा बाबा तिला म्हणाले, "पोरगं चांगलंय गं, जरा मंद हाय."

दादा बिडकीनला एका कंपनीत पॅकिंगला लागला. आईनं एकदा, एकदाच, विचारलं, "बहिणीच्या लेकराचं आसं का केलं?" बाबा म्हणाले, "एकदा हापिसात मॅनेजरनं त्याला खुर्ची दिली. मी उभाच होतो." मग त्यांनी तिच्याकडं अजून एक भाकरी मागितली.

माझ्या साखरपुड्याला आत्या आणि दादा आले होते. दादा सकाळपासून पाहुण्यांना वाढत होता. शेवटच्या पंगतीला बाबांनी त्याला बळंच शेजारी बसवलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना तो किस्सा सांगितला. हात जोडून, मान वाकवून, दादासारखा आवाज काढून, "काएत्ते कुदासाई." सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला.

"खरंय का रे हे?" त्यांनी दादाला विचारलं.

"व्हय," दादा म्हणाला. तोही हसला. समोर बसलेली आत्या काय झालं ते न कळताच लेकाकडं बघून हसत होती. दादानं तांब्या उचलून सासऱ्यांच्या पेल्यात पाणी ओतलं, मग बाबांच्या.