टायर ठरेपर्यंत गाडी हलणार नाही

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात, पण ते शाळेत कधी शिकवायला गेले नाहीत. त्यांनी जन्मभर गाडी शिकवली. खरं सांगायचं तर जन्मभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. स्टिअरिंग परक्याच्या हातात, जीव आपला, आणि भरवसा त्या एवढ्याशा ब्रेकवर. वर्षानुवर्षं असं बसल्यावर माणसाचा स्वभावच तसा होतो. मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा ह्यांचा पाय आधी फरशीवर दाबला गेला, तोंड मग उघडलं.

मला शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला होता, नाही असं नाही. मी गाडी सुरू करायच्या आत हे ब्रेक दाबून मोकळे. पहिल्या चौकापर्यंत कशीबशी मजल मारली, तिथे जुंपली आणि दोघं दोन दारांनी उतरून घरी चालत आलो. मग मी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत म्हटलं, मी इस्पितळात नर्स, ड्यूटी कधीही लागायची, मला गाडी हवीच होती. एक छोटी गाडी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत चालवली. ह्या गृहस्थाने तिच्यात एकदाही पाय ठेवला नाही. भर पावसात मी शेजारी गाडी हळू करून बसा म्हणायची, तर छत्री सावरत म्हणायचे, मला चालायला आवडतं.

असा माणूस म्हातारपणी आलिशान सेडान घेईल असं कुणाला वाटलं असतं? एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशी जाताना आपली लांबलचक काळी गाडी ह्यांच्या गळ्यात मारली. आत चामड्याच्या सीट, इंजिन असं की पाय नुसता टेकवला तर गाडी उडावी. हे ती चाळीसच्या वेगाने चालवायचे. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे, आणि हे म्हणायचे, लोकांना शिस्त नाही. पण खूश होते हो. आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होते.

मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असलेली जपायची, हे मला नर्स म्हणून माहीत होतं आणि बायको म्हणून ऐकवत नव्हतं. डोळ्यांची डॉक्टरीण ह्यांच्याकडेच गाडी शिकलेली. बिचारी खाली बघून म्हणाली, "सर, समोरचं दिसतंय, पण बाजूचं गेलंय. आता गाडी मॅडमना चालवू द्या."

ह्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टायर बदलायला झालेत."

टायर गुळगुळीत झाले होते, खोटं कशाला बोलू. रबरावरची नक्षी पार पुसलेली. घरी आल्या आल्या ह्यांनी जाहीर केलं की असल्या टायरवर गाडी काढणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. नवे ठरेपर्यंत गाडी जागची हलणार नाही. मला वाटलं, आठवड्याचं काम. कसलं काय! ह्या गाडीला साधे टायर चालत नाहीत, वेगाच्या गाड्यांचे परफॉर्मन्स टायर लागतात. त्यातून पुढचे एका मापाचे, मागचे त्याहून रुंद, म्हणजे मागचे पुढे अदलून-बदलूनही घालता येत नाहीत. ह्यांना तेवढंच हवं होतं. एक टायर रस्ता घट्ट धरणारा, तर म्हणे त्याचं रबर मऊ, लवकर झिजेल. दुसरा टिकाऊ, तर ओल्यात घसरेल. तिसऱ्याची कड इतकी पातळ की प्रत्येक खड्डा थेट माझ्या पाठीत जाईल. माझ्या पाठीची काळजी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटली. चौथ्यात खोट सापडेना, तेव्हा तो फार दिवस गोदामात पडून असणार असा संशय काढला.

नाचायचं नव्हतं, म्हणून अंगण वाकडं. मला कळत होतं सगळं. टायर ठरला की गाडी निघणार, गाडी निघाली की मी चालवणार, आणि ह्यांना माझ्या शेजारी बसावं लागणार, तेही पायाशी ब्रेक नसताना. त्यापेक्षा टायरच ठरवायचा नाही.

एरवी मी म्हटलं असतं, बसा तुमच्या टायरला कवटाळून. मला काही त्या गाडीची हौस नव्हती. पण डॉक्टरकडून आल्यापासून हा माणूस उंबऱ्याबाहेर पडेना. खुर्ची खिडकीशी ओढलेली, दिवसभर रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवणं चालू. मित्र बोलवायचे, तर टायर यायचेत म्हणून सांगायचे. मुलीने ये म्हटलं, तरी तेच. मी इस्पितळात अशी खिडकीशी बसलेली माणसं पाहिलीत. ती हळूहळू बोलायची थांबतात, मग जेवायची. मला भीती वाटत होती, साफ सांगते.

एके दिवशी माझं टाळकं सरकलं. म्हटलं, गाडी टायरवाल्याला दाखवल्याशिवाय काही ठरणार नाही, मी घेऊन चालले, तुम्ही या नाहीतर राहा. दुकान कोपऱ्यावरून पुढे, हाकेच्या अंतरावर. हे चपला घालून उठले. मला वाटलं, जिंकले! तर गाडीत न बसता हे गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि हात वर करून चालू लागले. गुळगुळीत टायर आहेत, म्हणाले, मी पुढून रस्ता मोकळा करतो.

काय वरात निघाली म्हणून सांगू! पुढे मास्तर, पोलिसासारखे हात हलवताहेत, मागे एवढी थोरली गाडी गोगलगाईच्या चालीने, आणि आत मी, शरमेने लाल. इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बघायला आला. शेजारीण गॅलरीतून विचारते, कोण मंत्री येताहेत का? ह्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

टायरवाला गाडीभोवती फिरला, खाली वाकला, चारही टायरवरून हात फिरवला. ह्यांनी नापसंत केलेल्या चारही नव्या टायरमधल्या खोटी त्याला पाठ म्हणून दाखवल्या. त्याने निमूट ऐकलं. मग म्हणाला की टायर नुसता गाडीवर ठरत नाही, चालवणाऱ्यावर ठरतो. कोण चालवतं? मी म्हटलं, मी. त्याने ह्यांना विचारलं, मॅडम कशा चालवतात?

हजारो लोकांना गाडी शिकवलेला माणूस, बायको कशी चालवते हे त्याला माहीत नव्हतं. टायरकडे बघत म्हणाले, "मी कधी बसलो नाही."

"पण आत्ता तर यांच्या गाडीपुढे चालत आलात ना?" टायरवाला म्हणाला. "गाडीकडे पाठ करून? भीती नाही वाटली?"

"नाही," हे म्हणाले. आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. टायरवाला हात पुसत उभा होता, त्याला काही घाई नव्हती.

मग हे हळूच बोलायला लागले, मला नाही, त्याला सांगत होते. म्हणाले, मला मागून ऐकू येत होतं. एकदाही इंजिन ओरडलं नाही. मी अडखळलो, तिथे ती आधीच थांबलेली होती. "शांत चालवते ती. रस्ता धरणारा टायर द्या, पण आवाज न करणारा. थोडा लवकर झिजला तरी चालेल."

झालं! इतक्या दिवसांचं घोडं गंगेत न्हालं. टायर चढले, चाकं तोलून झाली, सरळ करून झाली. मी दार उघडून बसले आणि मुद्दाम ह्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे बसलो तर पाय शिवशिवतील, असं पुटपुटत हे मागचं दार उघडून मागे बसले. बसा म्हटलं, मालकासारखे बसा. बसले हेच खूप झालं.

घरी न वळता मी मोठ्या रस्त्याने जरा लांबून घेतलं. नवे टायर खरंच आवाज करत नव्हते. मी वाट बघत होते, आता म्हणतील आरसा बघ, आता म्हणतील हळू. सिग्नलला थांबले, तरी मागून शब्द नाही. आरशात पाहिलं, तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, आणि मास्तर गाढ झोपलेले. चालत्या गाडीत ह्या माणसाचा डोळा लागलेला मी लग्नापासून आजवर पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं.

फिरून आमच्या गल्लीशी आले. घराचं फाटक दिसलं. थांबले असते तर त्यांना उठवावं लागलं असतं. मी गाडी सरळ पुढे घेतली.