जाऊबाईंचा गाल

लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायची ती, आणि गिऱ्हाइकं तिला लाडानं 'धुकेवाली' म्हणायची. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक धूसर काच तिच्याकडे होती. ती लावली की मुरुमांचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं सायीखाली गेल्यासारखं व्हायचं. पन्नाशीच्या विहीणबाईसुद्धा स्वतःला पाहून खुलायच्या.

तिच्या मोठ्या जाऊबाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. चादरींच्या इस्त्रीयंत्राचा पाइप सुटला आणि वाफेनं त्यांचा उजवा गाल नि मान भाजली. जखम भरली, पण कातडी ओढलेली, चकचकीत राहिली. तेव्हापासून त्या केस पुढे घेऊनच वावरायच्या.

पुढे धुलाईघरात नव्यानं लागलेल्या मुलींना यंत्राचे धोके दाखवायला फिल्म करायचं ठरलं. काम धुकेवालीला मिळालं, आणि बोलायला जाऊबाई आपण होऊन तयार झाल्या. शूटिंगला त्यांनी केस मागे घट्ट बांधले नि खुर्चीवर ताठ बसल्या. धुकेवालीला ते पाहवलं नाही. घरचं माणूस, झाकली मूठ राहू दे, असं मनाशी म्हणत तिनं पिशवीतली सगळ्यात दाट काच चढवली. विचारलं कुणालाच नाही. जाऊबाईंनी मात्र वाफेची झडप न तपासता आपण यंत्रावर कसं वाकलो, ते न अडखळता सांगितलं.

फिल्म दाखवली तेव्हा पडद्यावर त्यांचा गाल लोण्यासारखा दिसत होता. मागे बसलेली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "फार काही लागलेलं दिसत नाही गं. उगाच घाबरवतात." दोघी हसल्या. जाऊबाई उठून बाहेर गेल्या. धुकेवालीला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

घरी जाऊबाई भांडी विसळत होत्या. ती दारातूनच पुटपुटली, "ताई, मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मी केस बांधून बसले होते," मागे न वळता त्या म्हणाल्या. "लाज तुला वाटली."

दुसऱ्या दिवशी तिनं धुलाईघराच्या सुपरवायझरबाईंना आपण काय केलं ते सांगून टाकलं. त्यांना फिल्म देखणी वाटली होती. हिनंच हट्ट धरून ती पुन्हा काढायचं ठरवलं. जाऊबाई पुन्हा बसल्या, पण मुलींसाठी बसतेय, असं बजावून. या खेपेला लेन्सपुढे काही नव्हतं. धुकेवालीची नजर मात्र गालावरून घसरून सारखी भिंतीकडे जायची.

"इकडे बघ," जाऊबाई म्हणाल्या.

तिनं पाहिलं. रोज एका ओट्याशी उभं राहूनही हा गाल आपण कधी धड पाहिला नव्हता, हे तेव्हा तिला कळलं.

नवी फिल्म पाहताना कुणी हसलं नाही. ती मागची मुलगी तर नंतर झडपेपाशी उभी राहून सगळं पुन्हा विचारून घेत होती.

घरातलं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. जाऊबाई धुकेवालीच्या हातचा चहा घेतात, तिची थट्टाही करतात. पण घरच्या फोटोसाठी सगळे उभे राहिले की त्या कॅमेरा दिराच्या हातात देतात. धुकेवाली गुपचूप रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहते.