दारातली वही

माझ्या थोरल्या बहिणीला लोक भली बाई म्हणतात, आणि ती भली आहेच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तिच्या भलेपणाने माझ्या डोक्याला जो ताप दिलाय तो माझा मलाच माहीत. एकतीस वर्षं ताई एकाच वाचनालयात बसली. नगरपालिकेची शाखा क्रमांक सहा, धान्याच्या गोदामामागे, दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांची लांब टेबलं, मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटं. पंखा तीनवर ठेवला की पेपर उडतात, म्हणून तो कायम दोनवर. आणि मी त्याच नगरपालिकेत सभेची लेखनिक. कोण काय बोललं ते लिहायचं. का बोललं ते पक्कं ठाऊक असलं तरी लिहायचं नाही. चोवीस वर्षं हेच करतेय. कंटाळा आलाय म्हटलं तरी चालेल.

वाचनालयाच्या दारात एका उंच स्टुलावर वही असते, दोरीने बांधलेलं पेन असतं. आत येणाऱ्याने नाव लिहून सही करायची आणि मग पुढे जायचं. वर्षअखेर त्या सह्या मोजून आकडा मुख्य कचेरीत कळवायचा. कचेरीच्या दृष्टीने वहीत आहे तोच वाचक. बाकीची नुसती माणसं.

ताईला नोकरी लागून चारेक महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एक उंच म्हातारे गृहस्थ आले आणि सरळ टेबलाकडे निघाले. नवी नोकरी, नवा उत्साह! ताई म्हणाली, "आजोबा, आधी सही." त्यांनी पेन हातात घेतलं, वहीकडे पाहिलं, पेन परत ठेवलं. "चष्मा विसरलो. घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. ते पुन्हा कधी आले नाहीत. ताई महिनाभर दाराकडे बघत बसली आणि मग तिने कानाला खडा लावला. कोणालाही सही मागायची नाही. ज्याला करायची तो आपणहून करील.

"अगं, पण लिहिता-वाचता येत नाही तो माणूस वाचनालयात येईल कशाला?" मी विचारलं होतं.

"बसायला," ताई म्हणाली. "बसायला सही लागते का?"

झालं! पुढची एकतीस वर्षं त्या एका वाक्यावर गेली.

माणसं येत होती, अगदी भरपूर. रात्रपाळी संपवून एक नर्स यायची. मासिक उघडायची आणि त्याच्यावरच डोकं टेकून तासभर झोपायची. ताई तिच्या बाजूची खिडकी हळूच लावून घ्यायची. सुनेशी पटत नाही म्हणून दुपारभर बसणारे एक निवृत्त मास्तर होते. आणि कुलूपवाला होता. गोदामाच्या कोपऱ्यावर त्याची किल्ल्या करून देण्याची गाडी. दोन वाजता जरा उसंत मिळाली की हात धुऊन आत यायचा आणि ठरलेल्या खुर्चीवर पेपर उघडून बसायचा. फोटो बघायचा. त्याला वाचता येत नाही हे सगळ्या खोलीला माहीत होतं. त्यामुळे बरोबर दोन वाजता ताईला पेपर नीट लावायची आठवण व्हायची, आणि लावता लावता ती मथळे मोठ्याने वाचायची, स्वतःशी वाचल्यासारखे. नऊ वर्षं हे नाटक चाललं. कोणी एका शब्दाने बोललं नाही.

सह्या करायचे कोण? परीक्षेचा अभ्यास करणारी दहा-अकरा पोरं-पोरी. उद्या आपण साहेब होणार म्हणून आतापासून सहीचा सराव! चांगल्या वळणदार, खाली दोन रेघा ओढलेल्या सह्या. त्यामुळे वहीत रोज अकरा वाचक आणि खोलीत साठ.

मी किती वेळा सांगितलं. "संध्याकाळी तूच भर ना बाकीची नावं."

"खोट्या सह्या करू?"

"खोट्या कशा? माणसं खरी आहेत ना!"

"माणसं खरी, सही खोटी."

घ्या! अशा बाईपुढे हात टेकायचे नाहीत तर काय करायचं?

या वर्षी नगरपालिकेची तिजोरी पार आटली. मग नव्या करांची टूम निघाली. दिवाबत्तीचा कर, रस्त्यावर गाडी उभी करण्याचा कर, पाळलेल्या कुत्र्यांवर कर. आणि त्याच कागदात शेवटी, घरपट्टीवर वाचनालयांसाठी एक छोटासा अधिभार. अधिभार मंजूर झाला तर सगळ्या शाखा चालू राहतील. नाही झाला तर रोज पंचविसापेक्षा कमी वाचक असलेल्या शाखा बंद. तो कागद मीच टाइप केला. "शाखा क्रमांक सहा, दैनिक सरासरी वाचक: अकरा." टाइप करताना मला रडू वगैरे आलं नाही. संताप आला. ताईचा.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. सगळं समजावून सांगितलं. कर्मचाऱ्याला सभेत बोलता येत नाही, म्हणजे तुला तोंड उघडायचं नाही. पण नागरिकांना बोलता येतं. सभागृहाच्या दारात चिठ्ठ्या असतात. नाव, पत्ता, विषय, सही. ती भरून शिपायाकडे दिली की अध्यक्ष नाव पुकारतात आणि तीन मिनिटं देतात. "तुझी माणसं घेऊन ये आणि चिठ्ठ्या भरायला लाव. जास्त नको, दहा पुरेत."

"बघते," ताई म्हणाली.

ताईचं "बघते" म्हणजे "नाही", हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दमले होते. चहा पिऊन घरी आले.

सभा सकाळी अकराची. वर प्रेक्षकांच्या सज्जात माणसंच माणसं. नर्स, मास्तर, धुतलेला शर्ट घालून कुलूपवाला, आणि कोपऱ्यात ताई. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी खाली माझ्या टेबलावरून मोजले. त्रेसष्ट. मला इतका आनंद झाला की पेनाचं टोपण लावायला विसरले आणि ओढणीवर शाई सांडली.

मग कुत्र्यांचा कर सुरू झाला. आमच्याकडे एक नगरसेवक आहेत, त्यांना आम्ही कचेरीत 'दोन मिनिटं' म्हणतो. दोनच मिनिटं घेतो म्हणून उठतात आणि लोक जांभया देऊ लागेपर्यंत बसत नाहीत. दुकानाच्या दारात बसणारा कुत्रा घरगुती धरायचा की व्यापारी, यावर त्यांनी घसा कोरडा केला. मी इमानेइतबारे सगळं लिहून घेतलं. दिवाबत्ती झाली, गाड्या झाल्या. वाचनालयाचा विषय आला तेव्हा निम्म्या सभागृहाचं लक्ष जेवणाकडे होतं.

"या विषयावर नागरिकांच्या चिठ्ठ्या?" अध्यक्षांनी विचारलं.

शिपायाने ट्रे आणून ठेवला. रिकामा. एकही चिठ्ठी नाही!

अध्यक्षांनी चष्मा वर करून सज्जाकडे पाहिलं. "मग एवढी मंडळी आली आहेत कशासाठी?"

"कुत्र्यांसाठी आली असतील," 'दोन मिनिटं' म्हणाले, आणि सभागृह खो खो हसलं.

मी वर पाहिलं. ताई मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. कुलूपवाला अर्धवट उठला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. शिपायाने हातानेच बसा म्हणून खुणावलं. चिठ्ठीशिवाय बोलायचं नाही, नियम आहे. तो बसला. निवडणूक तोंडावर आलेली, घरपट्टीला हात लावायची कोणाची छाती? अधिभार फेटाळला. शाखा क्रमांक सहा महिनाअखेर बंद. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

जिन्यात मी ताईला गाठलं. "चिठ्ठ्या का नाही भरल्यास?"

"निम्म्यांना लिहिता येत नाही गं. तिथे दारात, सगळ्यांसमोर..."

"मग उरलेल्या निम्म्यांनी भरायच्या!"

"म्हणजे न भरणारे कोण ते लगेच कळलं असतं." ती कठड्याला धरून उभी होती. "मला वाटलं, एवढी माणसं दिसतील की त्यांना."

माझी ताकदच संपली होती. सभेच्या इतिवृत्तात मी एक ओळ घातली: "सज्जात त्रेसष्ट नागरिक उपस्थित." पुढच्या सभेत 'दोन मिनिटं'नी हरकत घेतली, की लेखनिकबाईंनी डोकी मोजणं कामकाजात बसत नाही. ओळ वगळण्यात आली. मीच ती खोडली.

शेवटच्या दिवशी रजा टाकून मी ताईच्या मदतीला गेले. पुस्तकांचे गठ्ठे बांधून कपाटं रिकामी करायची होती. लोक सवयीने आले होते आणि पेपर नसलेल्या टेबलांशी बसले होते. दोन वाजता कुलूपवाला आला. ताई तारखेचा शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड खोक्यात भरत होती. तो दाराशीच थांबला.

"बाई, ही वही कसली?"

"सह्यांची," ताई म्हणाली.

"कोणाच्या?"

"जे येतात त्यांच्या."

"म्हणजे आमच्या?" तो वही चाळू लागला. "आणि हिच्यावरून ठरलं, बंद करायचं?"

ताई खोक्यात वाकून काहीतरी शोधू लागली. मग मीच बोलले. "हो, हिच्यावरूनच. हिच्यात रोज अकराच माणसं आहेत."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी मी घाबरले असते. कुलूपवाला वही घेऊन खोक्याशी आला. त्याने पॅड काढलं, झाकण उघडलं, डावा अंगठा शाईवर टेकवला आणि पोरांच्या त्या वळणदार सह्यांच्या खाली दाबून उमटवला. सराईत हाताने, कुठेही न फिसकटता.

"बँकेत देतो, गाडीच्या परवान्यावर देतो," तो म्हणाला. "सगळीकडे हाच चालतो. मागितला असता तर रोज दिला असता की, बाई."

ताई खुर्चीवर बसली. एकतीस वर्षं ते पॅड तिच्या उजव्या हाताशी होतं. दिवसातून शंभरदा तिने शिक्का त्याच्यावर आपटला असेल.

"मला वाटायचं, तुम्हाला वाईट वाटेल," ती म्हणाली.

"मला काय वाईट वाटायचंय? वाचता येत नाही ते तुम्हाला ठाऊक होतंच ना? उगाच का मोठ्याने वाचत होता?"

मास्तर उठले आणि त्यांनी सही केली. मग नर्सने केली. मग रांगच लागली. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला, आणि अंगठे देणारे हसत एकमेकांना जांभळी बोटं दाखवत होते. कोणाला कसली लाज आणि कसलं काय! मी वहीचं पान धरून फुंकर घालत होते. मोजले नाहीत. मोजून करायचं काय होतं?

पाच वाजायला आले. खोली रिकामी झाली. ताईने दाराची किल्ली काढली तेवढ्यात एक माणूस आत आला. नवाच, पूर्वी कधी न पाहिलेला, हातात कापडी पिशवी. आत डोकावून म्हणाला, "इथे बसायला मिळतं असं कोणीतरी सांगितलं."

ताईने वही त्याच्यापुढे सरकवली. "आधी सही करा," ती म्हणाली. "सही येत नसेल तर अंगठा चालेल."

त्याने मुकाट्याने अंगठा दिला, बोट पिशवीला पुसलं आणि विचारलं, "आज तर बंद करताय. उद्या किती वाजता उघडतं?"

"नऊ वाजता," ताई म्हणाली.

तो मान डोलावून गेला. ताई वही छातीशी धरून उभी राहिली. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. उद्या नऊ वाजता तो माणूस इथे येऊन कुलपासमोर उभा राहणार, हे तिला सुचलं नाही का? सुचलं असेल. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं, दुसरं काय! शेवटी नेहमीसारखं मलाच जावं लागलं. गोदामाच्या वळणावर मी त्याला गाठलं.

"उद्या येऊ नका," मी धापा टाकत म्हणाले. "वाचनालय बंद झालं. कायमचं. आज शेवटचा दिवस होता."

त्याने आपल्या जांभळ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मग आत्ता हा कशाला घेतला?" त्याने विचारलं.