लेकीचं पाठांतर

वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो, त्याच उन्हाळ्यात आमची लेक बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत नापास झाली. ‘फेरपरीक्षेतही विषय राहिला तर मी सायन्स सोडते,’ असं तिनं जेवताना सांगितलं, वाढून घेता घेता, अगदी शांतपणे. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करणारी पोर होती ती.

मग मी कंबर कसली. सकाळचा चहा झाला की मी पुस्तक घेऊन गच्चीवर बसायचो आणि ती समोर उभी राहून पाठ म्हणून दाखवायची. लहानपणी तिचे पाढे असेच घेतले होते. शिवाय कारखान्यात माझा जन्म एका नियमात गेला होता: सूचनेत लिहिलंय तसंच करायचं, मधे ‘का’ विचारायचं नाही. स्फोटकांपुढे शहाणपण चालत नाही. त्या नियमामुळे माझी सगळी बोटं शाबूत आहेत, म्हणून तो केमिस्ट्रीलाही लागू असणार असं मी धरून चाललो.

धडा होता रिअ‍ॅक्शन मेकॅनिझमचा, म्हणजे एका पदार्थाचा दुसरा होताना मधे काय काय घडतं त्याचा. ती म्हणायची, ‘ब्रोमिन आधी सुटतो...’ सुटणाऱ्या भागाला पुस्तकात दुसरं नाव होतं. मी ओळीवर बोट ठेवून म्हणायचो, ‘ब्रोमिन नाही, लीव्हिंग ग्रुप लिहिलंय.’ की पुन्हा पहिल्यापासून. रोज हेच. आकृतीतला बाण कुठून कुठे जातो तेही तिला तोंडपाठ झालं, आणि तिचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला.

एका सकाळी मी तिला असंच पुन्हा अडवलं. तिची आई दोरीवर कपडे घालत होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘तिले बोलू द्या ना. तुम्हीच बोली राहिनात.’ बायकोचं माहेर धुळ्याकडचं. ती रागावली की माहेरची बोली बाहेर येते, आणि तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. बोलत होतो मीच, हे खरं होतं. मी पुस्तक मिटलं. पण आता विचारायचं काय? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपलं विचारलं, ‘हा ब्रोमिन आधी सुटतो म्हणतेस, तो का?’

तिनं गच्चीच्या कठड्याला पाठ टेकली. मग म्हणाली, ‘पप्पा, यावलची गच्च भरलेली बस समजा. कार्बनला तीन जाडजूड गट चिकटून बसलेत. नवीन येणाऱ्याला मागून घुसायला वावच नाही. म्हणून ब्रोमिन आधी उतरतो, मग नवा बसतो. नेहमी असंच.’

‘पण आपणहून कशाला कोण जागा सोडेल?’ मी खरंच विचारलं. इतक्या वर्षांच्या एस.टी.च्या प्रवासात मी तसा माणूस पाहिला नव्हता.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ‘तो गेल्यावर कार्बन उघडा पडतो, पण बाकीचे तिघे आपल्यातलं थोडं थोडं देऊन त्याला सावरतात. म्हणून त्याला जाता येतं.’ आणि एकदम थांबली. ‘नाही पप्पा, चुकलं माझं. नेहमी नाही. त्या तिघांच्या जागी नुसते हायड्रोजन असले तर सावरणारं कुणी नाही. मग ब्रोमिन आधी सुटणारच नाही. नवा मागून येऊन ढकलेल तेव्हाच सुटेल. दोन्ही एकदमच होईल.’

मला त्यात चूक दिसलीच नव्हती. ती तिला दिसली, तिची तिला, आणि ती खाली धावली वही आणायला. मला फार बरं वाटलं. सायन्स सोडायचं बोलणं तिनं त्यानंतर काढलं नाही.

पुढे काही दिवस मी रोज नुसतं ‘का’ विचारत गेलो आणि ती सांगत गेली. मग एकदा चहा पिताना म्हणाली, ‘उद्यापासून मी एकटीच बसते, पप्पा. आता मला माझंच विचारता येतं.’ मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा संपला आणि मला उठून कुठे जायचं नव्हतं. कारखान्यातला निरोप समारंभ केव्हाच होऊन गेला होता, पण निवृत्त मी त्या दिवशी झालो.