बळवंताचं तेरावं

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतले आमचे शेजारी सदाशिवराव संस्कृतचे मास्तर. घराणं दरबारी पुरोहितांचं, त्यामुळे शास्त्राबाहेर पाऊल नाही आणि दुसऱ्याचं ऐकणं तर मुळीच नाही.

त्यांचा एकुलता एक बळवंत सोव्हिएत संघात डॉक्टरी शिकायला गेला. संघ फुटला, तो राहत होता तो देश वेगळा झाला, आणि त्याच धामधुमीत वसतिगृहातल्या मारामारीत एकजण मेला. खून बळवंतावर शाबीत झाला. शिक्षा मृत्यूची. तिथं म्हणे गोळी घातल्यावर घरी कळवायचीही रीत नव्हती. वर्ष उलटलं, काहीच कळेना.

पोरगा गेला, असं सदाशिवरावांनी स्वतःच ठरवून टाकलं. बळवंताची आई, विमलकाकू, म्हणत होत्या, "खबर तर येऊ द्या." पण आत्मा लटकत राहील म्हणून यांनी प्रेताच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा केला, घाटावर नेऊन जाळला आणि तेराव्याला कॉलनी जेवायला बोलावली. मला विचाराल, तर त्यांना आत्म्यापेक्षा अब्रूची काळजी जास्त होती.

सदाशिवरावांकडे फोन नव्हता. सत्त्याण्णव साली आमच्याच फोनवर वकिलातीचा माणूस बोलला, "आपका बेटा ज़िंदा है." सदाशिवरावांनी त्याच्याकडून नाव पुन्हा वदवून घेतलं.

कम्युनिस्ट गेल्यावर त्या देशाला युरोपातल्या देशांच्या परिषदेत जागा हवी होती. परिषद म्हणाली, आमच्या पंगतीला बसायचं तर आधी माणसं मारणं बंद करा. अट मान्य झाली आणि बळवंताची गोळी टळून जन्मठेप झाली. ज्यांना ग्वाल्हेर नकाशात सापडायचं नाही त्यांनी आमचा पोरगा वाचवला, आणि इकडे आम्ही त्याला जाळून मोकळे!

कैद्यांना घरी फोन करायचीही आता मुभा मिळाली होती. रविवारी बळवंत स्वतः बोलला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बाबा, तुम्ही लोक माझी वाट पाहत होता ना?"

सदाशिवराव खोटं बोलले असते तरी कुणी नावं ठेवली नसती.

"नाही रे. मी तुझं तेरावंसुद्धा करून टाकलं."

मग त्यानं हळूच विचारलं, "आईनं पण?"

"ती नाही. ती त्या दिवशी जेवली नाही," ते म्हणाले, आणि फोन काकूंच्या हातात दिला.